शटर आणि आप्पांचा डावा हात

आमच्या घरात गाडी माझी होती आणि शटर आप्पांचं. आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांचं सगळं आयुष्य निपाणीजवळच्या गावात तंबाखूच्या शेतीत आणि व्यापारात गेलं. मला आणि माझ्या नवऱ्याला बेळगावात नोकऱ्या लागल्या, तेव्हा शेत धाकट्या भावाच्या हवाली करून आप्पा आणि सासूबाई आमच्याकडं राहायला आले. घर बांधताना तळाला गाडीसाठी जागा काढली, तिला लोखंडी शटर बसवलं, आणि त्या दिवसापासून ते उघडायचं काम आप्पांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

ते स्वतः गाडी कधी शिकले नाहीत. मी शिकले ती पस्तिशी उलटल्यावर, त्यांच्याच आग्रहानं. "बसच्या मागं किती दिस पळणार गं तू?" असं वर्षभर ऐकवून त्यांनी मला एका ड्रायव्हिंग शाळेत नेऊन सोडलं होतं. पुढं नवऱ्याची बदली हुबळीला झाली, तो शनिवार-रविवारीच घरी यायला लागला, आणि गाडी पूर्णपणे माझ्या हाती आली.

सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन परतले की सव्वाआठला आप्पा शटर वर सारायचे. मी गाडी मागं काढताना ते रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे आणि एक हात उंच धरून "यू दे, यू दे, यू दे... बास!" असं ओरडायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या दुचाक्यांना ते असे थांबवायचे की मला लाज वाटायची. मी कॉलेजात शिकवते. माझे काही विद्यार्थी त्याच रस्त्यानं जायचे.

रविवारी शटरची साफसफाई. दोन्ही बाजूंच्या ज्या चॅनेलमधून शटर वरखाली सरकतं, त्यात आमच्याकडची तांबडी माती भरते. आप्पा जुन्या टूथब्रशनं ती खरवडून काढायचे, मग रॉकेलच्या फडक्यानं चॅनेल पुसायचे. शटर ज्यावर गुंडाळलं जातं त्या वरच्या पाईपच्या दोन्ही टोकांना थोडंसं तेल. चॅनेलला ग्रीस लावायचं नाही, ते धूळ धरून ठेवतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. शिडी मी धरायची. आठवड्यातला माझा एकच निवांत दिवस, आणि त्यातला अर्धा तास मी शिडी धरून उभी. मनातल्या मनात मी किती कुरकुरले असेन, ते आज आठवलं की वाईट वाटतं.

वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, बेळगावजवळच्या मच्छ्याहून शटरचे मिस्त्री यायचे. पन्नाशीचे, कमी बोलणारे. मूळचे जांबोटीकडचे. मच्छ्यात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं आणि आमचं शटर त्यांनीच केलेलं होतं. ते आले की आप्पा आणि ते दोघं मिळून सगळं खोलायचे, गंजलेली पट्टी असली तर बदलायचे, स्प्रिंगला पीळ द्यायचे. लोखंडाचा एवढा जड पडदा माणसाला उचलता येतो तो वरच्या पाईपात बसवलेल्या स्प्रिंगांमुळं. त्या सैल पडत जातात आणि शटर जड होत जातं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची गरजच पडली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आसपास, आप्पा आंघोळ करताना पडले. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. डॉक्टरांनी मेंदूत रक्ताची गुठळी झाल्याचं सांगितलं. तीन आठवडे दवाखान्यात काढून आम्ही त्यांना घरी आणलं तेव्हा ते आधारानं बसू शकत होते, काठी आणि माणूस दोन्ही असेल तर चार पावलं टाकत होते. शब्द अडकत होते. पाणी हवं असलं की "ते... ते..." म्हणून थांबायचे आणि मग स्वतःवरच चिडून मान फिरवायचे.

त्या गडबडीत मिस्त्रींचा फोन आला होता. "यंदा कधी यू?" मी त्यांना आजाराचं सांगितलं आणि म्हटलं, नंतर बघू.

सव्वाआठला शटर उघडायचं काम आता माझ्याकडं आलं. ते इतकं जड असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. कमरेपर्यंत आणायचे आणि तिथून पुढं जायचंच नाही. एका सकाळी खांद्यापर्यंत नेलेलं शटर हातातून सुटून धाडकन खाली आलं. पाय थोडक्यात वाचला. सासूबाई धावत खाली आल्या, म्हणाल्या, "राहू दे, मी हात लावतो." आमच्या भागातल्या बायका 'मी येतो, मी लावतो' असंच बोलतात. मीही घरात तशीच बोलते आणि कॉलेजच्या फाटकातून आत गेले की 'येते, लावते' म्हणायला लागते. साठी ओलांडलेल्या सासूबाई आणि पाठ धरलेली मी, अशा आम्ही दोघींनी मिळून आठवडाभर ते शटर उचललं. शेवटी शनिवारी नवरा आला तेव्हा मी म्हटलं, मोटर बसवू या.

बाजारातल्या एका दुकानातून माणसं आली आणि एका दिवसात मोटर बसवून गेली. बटण दाबलं की शटर आपोआप वर. मी इतकी खूश झाले की आप्पांना खुर्चीसकट, जिथून खालचं शटर दिसतं त्या व्हरांड्यात आणून त्यांच्या डाव्या हातात रिमोट दिला. "आप्पा, दाबा बघू." त्यांनी दाबलं. शटर घरघरत वर गेलं. त्यांनी ते पूर्ण वर जाईपर्यंत पाहिलं, रिमोट माझ्या हातात परत दिला आणि आत न्यायची खूण केली.

त्यानंतर ते व्हरांड्यात आलेच नाहीत. आधी निदान मी निघताना खिडकीशी यायचे. आता भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायची. ती कानडी, आप्पांना कानडी उत्तम येत होतं, त्यामुळं तिच्याशी तरी ते मोकळे होतील असं आम्हाला वाटलं होतं. तिनं दाबायला रबरी चेंडू दिला. आप्पांनी तो उशीखाली ठेवला. तिनं रोज शंभर पावलं चालायला सांगितलं. आप्पा दहा चालून बसायचे. एक दिवस ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, शरीर सुधारू शकतं. यांना कशासाठी सुधारायचं तेच कळत नाहीये." मी ते ऐकलं आणि विसरले. सत्र परीक्षेचे पेपर तपासायचे होते, सासूबाईंचं बीपी वाढलं होतं, आणि शटर तर बटणावर चालत होतं.

मोटर बसवून दोन महिने झाले असतील. एका दुपारी मिस्त्री न सांगता आले. मला संकोच वाटला. मोटर बसवल्याचं मी त्यांना कळवलंही नव्हतं. ते म्हणाले, "कामाला न्हाय आलो आक्का. आप्पास्नी बघाय आलतो."

आप्पांच्या खाटेशी ते अर्धा तास बसले. बोलणं असं काही झालंच नाही. मिस्त्री अधूनमधून काहीतरी सांगत होते, कणकुंबीकडं कुठं तरी शटर लावलं, तिथल्या पावसानं एका वर्षात गंजलं वगैरे. मग त्यांनी विचारलं, "आता शटर कोन उघडतंय?" आप्पांनी डाव्या हाताचा अंगठा दाबून दाखवला. बटणाची खूण. आणि हसले. ते हसणं मी पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मिस्त्री उठून खाली गॅरेजमध्ये गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी शटरवर हात फिरवला, चॅनेलमध्ये बोट घालून माती काढून बघितली. दोन महिन्यांत कुणी ब्रश लावला नव्हता.

"आक्का, एक इचारू का? रागावू नका."

"विचारा की."

"मोटर कुनासाठी बसवली?"

"मला उचलत नव्हतं. आणि आप्पांना त्रास नको म्हणून."

"आप्पा म्हनालते का, त्रास हाय म्हणून?"

ते तर मी आप्पांना कधी विचारलंच नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "मोटर काढू या. मी स्प्रिंगा नव्या घालतो. शटर असं हलकं करतो की एका हातानं, डाव्या हातानं जाईल."

मी एकदम भडकले. म्हटलं, "मिस्त्री, माणसाला नीट उभं राहता येत नाही. मागं माझ्या हातातनं सुटलं, पाय तुटला असता. आणि तुम्ही आप्पांना उचलायला लावणार?"

त्यांनी मला बोलू दिलं. मग खाली फरशीवर बसून त्यांनी जे सांगितलं, ते मी जसंच्या तसं लिहिण्याचा प्रयत्न करते. "माझ्या बाची चार गुरं हुती जांबोटीला. मांडी मोडली त्याची, पडला. आमी त्याला मच्छ्याला आणला, गुरं इकून टाकली. खाट दिली, टीव्ही दिला, माझी बायको दोन येळा गरम जेवाण द्यायची. कशाला कमी केलं न्हाय. रोज सकाळी उठून इचारायचा, चारा घातला काय रं? सा म्हैन्यात गेला. डाक्टर म्हनले, वय झालतं. आमाला ठावं हाय काय झालतं ते. सगळं दिलं आमी त्याला, गुरं न्हाय दिली."

मी त्या संध्याकाळी फिजिओथेरपिस्टला फोन केला. वाटलं होतं ती नको म्हणेल. ती म्हणाली, शटर खाली येणार नाही याची सोय करा आणि त्यांच्याजवळ एक माणूस कायम उभं ठेवा. मग मला चालेल.

मिस्त्री दोन दिवस आले. मोटर काढून कोपऱ्यात ठेवली. जुन्या स्प्रिंगा काढून नव्या घातल्या. पीळ किती द्यायचा यावर त्यांनी जितका वेळ घालवला तितका मी अजून कुणाला कशावर घालवताना पाहिला नाही. पीळ कमी झाला तर शटर जड, जास्त झाला तर ते वरच पळतं आणि खाली ओढायला ताकद लागते. ते शटर अर्ध्यावर आणून सोडून द्यायचे आणि बघत राहायचे. बोटभर खाली आलं, परत शिडीवर. बोटभर वर गेलं, परत शिडीवर. शेवटी ते कमरेइतक्या उंचीवर सोडलं तर तिथंच राहायला लागलं, छातीइतक्या उंचीवर सोडलं तर तिथं. मग माझ्या भीतीसाठी त्यांनी दोन्ही चॅनेलना तीन ठिकाणी भोकं पाडली आणि जाड खिट्ट्या दिल्या. शटर वर गेलं की मी खिट्टी घालायची, म्हणजे चुकून सुटलं तरी तिच्या खाली येणार नाही. आणि आप्पांना वाकता येत नव्हतं म्हणून त्यांनी एक आकडी केली. दुकानदार शटर ओढायला वापरतात तशी, पण टोकाला लाकडी मूठ, आप्पांच्या पकडीच्या मापाची. माप घ्यायला ते वर गेले आणि आप्पांचा डावा हात हातात घेऊन बराच वेळ बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपत आलं तेव्हा आप्पांनी खाली न्यायला सांगितलं. खुर्चीवर बसून ते सगळं बघत होते. आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवतात. ऊन कलायला लागलं, सासूबाईंनी दोनदा हाक मारली, आप्पा हलेनात. मिस्त्री म्हणाले, "जावा आप्पा, जेवून घ्या." आप्पांनी मानेनंच नको म्हटलं. शेवटी सासूबाई भाकरी, मुगाची आमटी आणि दोडक्याची भाजी असं ताट घेऊन गॅरेजमध्येच आल्या. रॉकेलच्या वासात, लोखंडाच्या कचऱ्यात आप्पांनी डाव्या हातानं जेवण केलं. कित्येक दिवसांनी ताट रिकामं झालं. सासूबाई रिकामं ताट घेऊन जिन्यावर गेल्या आणि तिथंच बसून रडल्या. मी वर जाऊन त्यांच्याशेजारी बसले.

पहिल्या सकाळी मी एक खिट्टी हातात घेऊन एका बाजूला आणि सासूबाई दुसऱ्या बाजूला. आप्पा काठी सासूबाईंकडं देऊन मधे, मागं खुर्ची. आकडी अडकवायलाच त्यांना पाच मिनिटं लागली. मग ते म्हणाले, "ओंदु, येरडु, मूरु," आणि ओढलं.

मी आणि सासूबाई एकमेकींकडं बघत राहिलो. एक, दोन, तीन. तंबाखूची पोती उचलायला हमालांना ते असंच कानडीत मोजून द्यायचे, चाळीस वर्षं. आमच्याशी बोलताना शब्द अडकत होते, हे तीन मात्र न अडकता बाहेर आले होते.

शटर गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. आम्ही दोघींनी खिट्ट्या घातल्या. आप्पा खुर्चीत बसले. घामानं सदरा भिजला होता. बाकीचं मी एका हातानं वर सारलं, आणि खरंच, ते इतकं हलकं झालं होतं की मला हसू आलं. त्या दिवशी मला पहिल्या तासाला उशीर झाला. पुढं कित्येक दिवस झाला. प्राचार्यांना मी सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी पुढच्या सत्रात माझा पहिला तास काढून दुसरा दिला. त्यांचेही उपकार मोजायला हवेत.

महिनाभर गुडघा. मग कंबर. एकदा आठवडाभर परत गुडघ्यावर आलं, कारण त्यांना ताप आला होता. फिजिओथेरपिस्ट एका सकाळी मुद्दाम लवकर येऊन उभी राहिली. तिनं आप्पांचा उजवा हात उचलून मुठीवर डाव्या हाताशेजारी ठेवला. नुसता ठेवायचा, जोर लावायचा नाही. आप्पा तिच्याकडं बघून कानडीत काहीतरी बोलले, ती खळखळून हसली. काय म्हणाले ते तिनं मला कधीच सांगितलं नाही.

पहिल्याच शनिवारी नवरा आला तेव्हा कोपऱ्यातली मोटर बघून आधी चिडला होता. "मला न विचारता काढलीच कशी?" म्हणाला. मी म्हटलं, सकाळी खाली ये. सकाळी तो आला, आप्पांनी मोजलं, ओढलं, शटर गुडघ्यापर्यंत आलं. आत जाऊन त्यानं टूथब्रश शोधला आणि चॅनेल साफ करायला बसला. आप्पा खुर्चीतून काठीनं दाखवत होते, इथं राहिलं, तिथं राहिलं.

सगळं काही परत आलं असं मी म्हणणार नाही. आप्पांना आजही सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. लांब वाक्य सुरू झालं की मधेच वाट चुकतं. पण पाचव्या महिन्यात त्यांनी शटर पूर्ण वर नेलं. एरवी घरात ते काठीशिवाय चालायला लागले. बस्तीत सासूबाईंबरोबर हळूहळू जाऊन येतात. रविवारी शिडीवर मी चढते, सासूबाई शिडी धरतात, आणि पाईपच्या टोकाला तेलाचे किती थेंब टाकायचे ते आप्पा बोटं दाखवून सांगतात. मी कुरकुरत नाही. फिजिओथेरपिस्ट आता महिन्यातून एकदा येते, आणि आली की आधी गॅरेज बघते.

मिस्त्रींचे आभार मानायचे राहून गेले होते. फोनवर दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यांनी "पाऊस किती हाय तिकडं?" असं काहीतरी विचारून विषय बदलला. गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या एका सुट्टीच्या दिवशी आप्पा स्वतःहून म्हणाले, "मच्छे." एवढंच. मी गाडी काढली. आजारानंतर दवाखाना आणि बस्ती सोडून ते पहिल्यांदाच कुठं निघाले होते. पुढच्या सीटवर बसले, डाव्या हातानं वरचा हँडल धरून.

वर्कशॉपमध्ये मिस्त्री एका शटरच्या पट्ट्या एकमेकींत ओवत होते. आप्पांना दारातून चालत येताना बघून त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली आणि उभेच राहिले. मी वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. तुम्ही नसता तर, असं सुरू होणारी. त्यातलं एकही मला बोलता आलं नाही. मिस्त्रींच्या बायकोनं शेंगदाणे आणि गूळ आणून ठेवला. आप्पा लोखंडी स्टुलावर बसले, तयार होत असलेल्या शटरची एक पट्टी मांडीवर घेतली आणि तिच्या कडेवरून डावं बोट फिरवत मिस्त्रींना विचारलं, "कुठ... कुठलं?"

"खानापूरचं हाय आप्पा. डाक्टरच्या घराचं."

आप्पांनी पट्टी उजेडाकडं धरून बघितली आणि मान हलवली. दोघं तासभर तसेच बसून होते. मी बाहेर गाडीत जाऊन बसले, काच खाली करून. त्यांचं बोलणं कमी आणि हातोडीचे ठोकेच जास्त ऐकू येत होते. ते ऐकताना मला इतकं बरं वाटत होतं की तास कधी गेला ते कळलं नाही.

अंधार पडायच्या आत जेवायचं होतं म्हणून साडेचारलाच निघालो. कारखान्यांची पाळी सुटली होती, रस्ता भरून गेला होता, गाडी बैलगाडीसारखी चालली होती. एका किराणा दुकानासमोर अडकलो तेव्हा दुकानदार, कुठं घाईत निघाला असावा, शटर खाली ओढत होता. ते करकरत, अडखळत आलं. आप्पांनी कान दिला, काच खाली करायला लावली आणि दुकानदाराला जोरात म्हणाले, "त्याल घाल!"

दुकानदार चमकून बघायला लागला. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता. मी गाडी पुढं घेतली. दोन शब्द त्यांनी सलग, न अडकता म्हटले होते, हे माझ्या लक्षात यायला पुढचा चौक यावा लागला.